ऑझीचा मधला सूर

सीफोर्थ, सेंट थॉमस, जमैका
१४ जानेवारी १९९७

पेचारी,

तुझं नाताळचं कार्ड काल पोचलं. नाताळ होऊन तीन आठवडे झाले, पण आमच्या टपालखात्याला घाई नाही आणि मलाही नाही. कार्डावर बर्फातलं हरीण, आत छापील शुभेच्छा आणि खाली फक्त ‘व्हर्नल’. अरे लेका, इतकी वर्षं तिकडे राहून तुझी अक्कल गोठली की शाई?

ऑझीला आम्ही ऑक्टोबरात पोचवलं ते तुला कळवलंच होतं. तुझी फुलं आली. मोठी होती, सगळ्यांनी बघितली. नवव्या दिवसाच्या जागरणाला अख्खा गाव लोटला होता. ढोल होते, तळलेले मासे होते, रम होती. लोक म्हणाले, मास लॅस, लॉगवुड्सचं एखादं तरी गाणं म्हणा. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आवाज कुठून काढायचा तेच कळेना. शेवटी एका म्हातारीने भजन सुरू केलं आणि माझी सुटका झाली. जागरण उरकल्यावर आयोनीने रीतीप्रमाणे पलंग या भिंतीचा त्या भिंतीला नेला, म्हणजे ऑझीचा आत्मा परत आलाच तर त्याला घर ओळखू येऊ नये. पलंग ओढायला मीच होतो. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याला असं घर विसरायला लावायचं, याचं मला फार वाईट वाटलं.

आता कामाचं. एक फ्रेंच माणूस येऊन गेला, ब्रुनो नावाचा. त्याची छोटीशी रेकॉर्ड कंपनी आहे. आपल्या सगळ्या जुन्या रेकॉर्डी त्याच्याकडे आहेत आणि कुठल्या गाण्यात तू कुठे श्वास घेतलास तेही त्याला पाठ आहे. म्हणाला, लॉगवुड्सची नवी रेकॉर्ड करायची. मी म्हटलं, बाबा रे, लॉगवुड्स म्हणजे तीन माणसं. मी खालच्या सुरात, ऑझी मधल्या, व्हर्नल वरच्या. मधला गेला, वरचा बर्मिंगहॅमला जाऊन बसलाय आणि खालचा शेळ्या राखतोय. तर म्हणतो, दोन आहेत ना!

तू जायच्या आदल्या वर्षी ऑझीच्या ओट्यावर बसून आपण सात गाणी बसवली होती, आठवतात? किंग्स्टनच्या त्या शहाण्याने ‘यावर कोणी नाचणार नाही’ म्हणून परत पाठवली होती. तीच करायची असं मी ब्रुनोला सांगून टाकलं. म्हणजे तू हो म्हणालास तर.

मागच्या खोलीवर नवे पत्रे घातलेत. गळत होती म्हणून, तुझ्यासाठी नव्हे. पण खोली रिकामी आहे.

तुझा डीकन,
लॅसेल्स


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
९ फेब्रुवारी १९९७

डीकन,

कित्येक वर्षांनी कोणी मला पेचारी म्हणालं. इथे तो पक्षी कोणाला ठाऊक नाही. नोकरीत असताना एकदा बसडेपोत सांगायला गेलो की आमच्याकडे तारेवर बसून अख्ख्या गावाच्या वरच्या पट्टीत ओरडणारा एक एवढासा पक्षी असतो, माझा आवाज तसा म्हणून हे नाव. तर सगळे म्हणाले, असा पक्षी आमच्याही घरी आहे, त्याला आम्ही सासू म्हणतो.

तुझं पत्र वाचताना तू चर्चच्या पायरीवर उभा राहून मला झापतोयस असंच वाटलं. जटा वाढवल्यास, मीठ सोडलंस, सगळं केलंस, पण आतला चर्चचा डीकन काही गेला नाही. माझ्या जटा गेल्या, हे आधीच सांगून ठेवतो. मर्लिनला चर्चमध्ये नवऱ्याच्या शेजारी बसायला लाज वाटायची, म्हणून एका शनिवारी कापून टाकल्या. आता तर कापायलाही काही उरलं नाही. हस, हवं तेवढं हस.

रेकॉर्डला माझा होकार आहे. पण यायचं काही जमेलसं वाटत नाही. गुडघे बोलतात. शिवाय इथे रविवारी घर नुसतं भरलेलं असतं. लेक, जावई, नातवंडं, मर्लिनच्या चर्चमधल्या बायका. नारळाच्या दुधातला राजमाभात, कोंबडी आणि सगळा गोंधळ. म्हाताऱ्याला कोणी सोडत नाही. ब्रुनोचं मलाही पत्र आलंय. तो म्हणतो, हल्ली गाणाऱ्यांनी एका खोलीत उभं राहायची गरजच नसते. ढोल आणि बेस किंग्स्टनला वाजवून घ्यायचे, त्यावर तू तिथे गायचं, मी इथे गायचं, आणि तो फ्रान्समध्ये दोघांना जोडून टाकणार. सुटसुटीत काम.

ऑझीचा सूर म्हणायला त्याने एक तरुण गायक सुचवला होता. त्याला मी काय उत्तर लिहिलं ते चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाला शोभणारं नाही. ऑझीची जागा मोकळी ठेवू. तुझं काय मत?

मॅकरलचा डबा हातात धरून, त्यातूनच खात, स्वयंपाकघरात उभ्याने हे लिहितोय, म्हणून अक्षर असं. बाहेर दुपारीच अंधार पडलाय.

व्हर्नल


सीफोर्थ
३ मार्च १९९७

पेचारी,

सुटसुटीत काम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस तुझं पत्र गोठ्याच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, म्हटलं एखाद्या शेळीने खाल्लं तर बरंच. पण त्यांनाही ते रुचलं नाही.

आपण तिघं एका माइकभोवती उभे राहायचो. ऑझीचा घाम माझ्या बाहीला लागायचा. तू त्याच्या पलीकडे, डोळे मिटून, मान वर करून, जणू छपराला गाणं ऐकवतोयस. आता म्हणे फ्रान्समध्ये बसून एक माणूस आपल्याला जोडणार. आपण काय पाण्याचे नळ आहोत?

पण मी तुला आग्रह करणार नाही. तुझं घर भरलेलं आहे, लेकरंबाळं आहेत, त्यातून माणसाला उठवून आणणं बरं नव्हे. तेवढं मला कळतं. एकच विचारतो. ज्या घरात रविवारी एवढी माणसं जेवतात, तिथे डब्यातला मासा उभ्याने कोण खातं? लेकीला सांग, बापाला जरा वाढत जा.

ऑझीची जागा मोकळी ठेवायची, पसंत. तरी आयोनीच्या कानावर घालावं म्हणून गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मोकळीच आहे. तुम्ही आणखी काय मोकळी ठेवणार?" मग मलाही सोलायला बसवलं आणि दाणे कमी पडतात म्हणून मी बोलणी खाल्ली.

इकडे सगळं झकास. संध्याकाळी अंगणात डॉमिनोचा डाव बसतो, आरडाओरडा असतो. पुढच्या महिन्यात बसने किंग्स्टनला जाऊन गातो. तू तुझं गा. कडवी मी म्हणतो. ध्रुवपदात मी खाली, तू वर, आणि मध्ये कोणी पाऊल टाकायचं नाही.

डीकन


हँड्सवर्थ
११ मे १९९७

डीकन,

गायलो.

टायरच्या दुकानामागे एक गॅरेज आहे, त्यात स्टुडिओ. चालवणारी जसबीर, पंजाबी बाई, शाळेत असताना माझ्याच बसने जायची म्हणे. म्हणाली, तुम्ही दार लावायच्या आधी थांबायचात, म्हणून लक्षात राहिलात. तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, दिवा मंद केला आणि काचेपलीकडे जाऊन बसली. कानात नुसता ढोल आणि बेस. तुझा आवाज अजून तिच्याकडे आला नव्हता.

पहिल्या गाण्याला घसा नुसता खरखरला. त्या खोलीत आपण एकटेच बोलतोय असं वाटून ओशाळलो. मग डोळे मिटले. ऑझीचा ओटा आठवला, त्याच्या पायाचा ठेका आठवला, आणि डीकन, खोटं सांगत नाही, ध्रुवपद आलं तसा ऑझी मला स्पष्ट ऐकू आला. उजव्या कानाशी, नेहमीच्या जागी. त्यानंतर मला काही अवघड गेलं नाही. सातही गाणी एका दुपारी झाली. जसबीरने चहा दिला आणि विचारलं, "अंकल, रडताय का?" मी म्हटलं, हेडफोन घट्ट आहेत.

बाहेर पडलो तर हे कोणाला सांगावं ते सुचेना. घरी न जाता बसमध्ये बसलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता.

आज रविवारच्या गर्दीत सगळ्यांना सांगितलं, पण पोरं टीव्ही बघत होती.

व्हर्नल


सीफोर्थ
२२ जून १९९७

पेचारी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस आधी.

ब्रुनो जोडलेली टेप घेऊन आला होता. आयोनीच्या ओट्यावर यंत्र ठेवलं आणि लावली. पहिलं कडवं माझं एकट्याचं, ते ठीक. आवाज म्हातारा झालाय, पण चालतो. मग ध्रुवपद आलं आणि ब्रुनो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

वरचा सूर नाही. मी मनात म्हटलं, पेचारीचा गळा गेला, आणि कबूल करायची लाज वाटली म्हणून हा खाली उतरून गातोय. तुला चार शिव्याही हासडल्या. ब्रुनो म्हणाला, "मिस्टर लॅसेल्स, वरचा नाही हे खरं. पण खालचा कुठे आहे?" मी म्हटलं, खालचा म्हणजे मी, हा काय! त्याने परत लावलं. मग पुन्हा एकदा. तेव्हा कुठे मला ऐकू आलं. मी खाली नव्हतोच. तू वर नव्हतास, मी खाली नव्हतो, आपण दोघंही मध्ये! दोघंही ऑझीचा सूर गातोय, अगदी त्याच्यासारखा शेवटचा शब्द लांबवत. आणि आपापल्या जागा वाऱ्यावर सोडून दिल्यात. सातही गाण्यांत तेच. गाणी कोणी कधी ऐकलेली नाहीत, त्यामुळे किंग्स्टनचा इंजिनियर तरी काय बोलणार? त्याला वाटलं असेल, असंच असतं.

मी खालीच गातोय असं मी शपथेवर सांगितलं असतं.

आयोनी आतून आली, हात पिठाने माखलेले. टेप संपेपर्यंत खांबाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हा ऑझीच आहे. तुम्ही दोघं कुठे गेलात?" आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी गेलो तर पलंग परत जुन्या भिंतीला. एकटीने ओढला होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी माझा सूर तुझ्यावरून कधी घेतलाच नाही. मी ऑझीला ऐकायचो आणि त्याच्याखाली उभा राहायचो. तूही त्यालाच ऐकत होतास आणि त्याच्यावर चढत होतास. आता तो नाही, तर आपल्याला आधी तोच शोधावा लागला, आणि तो सापडल्यावर आपण तिथेच राहून गेलो. उमर गेली एका माइकवर, पण तू आणि मी एकमेकांना ऐकलेलं नाही. मला हे लिहितानाही कसंतरी होतंय.

हे टपालाने सुटायचं नाही. ब्रुनो ऑगस्टात पंधरा दिवस किंग्स्टनचा स्टुडिओ घेतोय, तिकीटही तोच काढतोय. ये. नातवंडांना सांग, आजोबा लगेच परत येतील.

डीकन


हँड्सवर्थ
९ जुलै १९९७

डीकन,

बसूनच वाचलं, आणि बराच वेळ उठलो नाही.

मग जसबीरकडे जाऊन टेप ऐकली. तुझं म्हणणं खरं आहे. मलाही शपथेवर वाटत होतं की मी वरच आहे. ती बिचारी म्हणाली, अंकल, मला तर छान वाटलं होतं.

येतो. विमानतळावर येऊ नकोस म्हटलं तरी तू येशीलच, तेव्हा खूण सांगून ठेवतो: टक्कल, तपकिरी टोपी, आणि इस्त्रीचा कोट घातलेला घामाघूम म्हातारा. लोकांसमोर मिठी मारू नकोस, आणि तो कारल्याच्या वेलाचा कडू काढा मी अजिबात पिणार नाही, रक्त शुद्ध होवो न होवो.

पण पंधराच दिवस हं. परतल्याबरोबर धाकट्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. मी नसलो तर चालायचं नाही.

व्हर्नल


सीफोर्थ
५ ऑक्टोबर १९९७

पेचारी,

मागच्या खोलीत अजून तुझ्या त्या इंग्लिश मलमाचा वास येतो. डबी विसरून गेलास. गुडघे कसे आहेत? काढा शेवटी रोज प्यायलास हे मी तिथे कोणाला सांगणार नाही.

रेकॉर्ड आली. ब्रुनोने पेटीभर पाठवल्यात. वर फोटो आहे, आपण दोघं आयोनीच्या ओट्यावर बसलेले, आणि कोणी न सांगता मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. बसताना तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या नाही.

गाणी चांगली झालीत. पहिले दिवस आठवले की मी अजून कानकोंडा होतो. ध्रुवपद आलं की आपण दोघंही मधल्या सुरावर, आणि काचेपलीकडे इंजिनियर हसू दाबतोय. मग तू चिडलास. तुझी जागा सोडून सरळ आलास, माझ्या अंगाला अंग लावून उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्या कानात ओरड, डीकन. मेल्यासारखा गाऊ नकोस, ओरड." मी ओरडलो. तू त्यावर चढलास. मध्ये हे एवढं भगदाड, पण मी खाली होतो आणि तू वर होतास. तुझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुंदर आहे तो. तुला सांगायचं राहून गेलं.

आयोनीला रेकॉर्ड ऐकवली. मांडीवर हात ठेवून दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाली, "छान गायलात. आता तो गेला." संध्याकाळी पलंग हलवायला मला निरोप पाठवला. आम्ही दोघांनी तो पुन्हा त्या भिंतीला नेला. तिने मला जेवून जा म्हटलं, पण ती स्वतः जेवली नाही.

रेडिओवर गाणं लागतं. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, मास लॅस, तुमचा जोडीदार कुठाय? मी सांगतो, त्याच्या घरी, त्याच्या माणसांत.

विमानतळावर मला तुला काही म्हणायचं होतं. पण तू बाळासाठी घेतलेलं पांढरं टोपडं काढून दाखवायला लागलास, त्याच्या लेसवरून बोट फिरवत होतास. मग म्हटलं राहू दे. बाप्तिस्मा कसा झाला ते कळव.

डीकन


हँड्सवर्थ
१६ नोव्हेंबर १९९७

डीकन,

बाप्तिस्मा झाला नाही. बाळच नाही.

आज रविवार आहे आणि घरात मी एकटा आहे. मर्लिन लेकीकडे टोरांटोला गेली, तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला, त्याला आता पाच वर्षं होतील. भांडण नाही, तंटा नाही. आधी महिनाभर म्हणाली, मग उन्हाळाभर, मग तिने शिवणयंत्र मागवून घेतलं, तेव्हा मी काय ते समजलो. थोरला नातू फोनवर मला ‘सर’ म्हणतो. रविवारचा राजमाभात चर्चच्या बायका डब्यात घालून आणून देतात, दारातूनच, कारण त्यांना अजून चार घरं करायची असतात. बाकीचे दिवस मॅकरल. तू बरोबर पकडलं होतंस, पण तुला ते पकडल्याचं कळलं नाही.

का लिहिलं तसं? त्या पत्रात सहज लिहून गेलो, आणि मग त्या सगळ्यांना घराबाहेर काढवेना. तुझ्या पत्रात त्यांची चौकशी यायची, तेवढ्यापुरतं मलाही घर भरल्यासारखं वाटायचं. टोपडं किंग्स्टनच्या बाजारात घेतलं. विकणारीने विचारलं, मुलगा की मुलगी? मी बेधडक म्हटलं, मुलगा, नऊ पौंडांचा. ती म्हणाली, देव त्याला सुखी ठेवो. मी थँक्यू म्हणालो.

रेकॉर्ड मिळाली. एकदाच लावली.

व्हर्नल


सीफोर्थ
७ डिसेंबर १९९७

अरे गाढवा,

मग गेलास कशाला?

मला विमानतळावर ‘थांब’ म्हणायचं होतं. दुसरं काही नाही. तू भरल्या घरचा माणूस, म्हणून मी जीभ चावली. मलाही तुला सांगायचंय. डॉमिनोचा डाव बसून वर्षं झाली. खेळणारे काही ब्रुकलिनला गेले, काही मातीत. संध्याकाळी शेळ्या बांधल्यावर मी बोलतो तो फक्त शेळ्यांशी, आणि त्यांना झापण्यात काही मजा नाही. पत्रे मी तुझ्यासाठीच घातले. रेकॉर्ड मला कधी नकोच होती. ब्रुनो दारात उभा राहिला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की चला, पेचारीला बोलवायला निमित्त मिळालं.

आता निमित्त नाही. तसाच ये. कायमचा ये. खोली आहे, जमीन आहे, मी आहे. मी मागतोय, व्हर्नल.

लॅसेल्स


हँड्सवर्थ
१८ जानेवारी १९९८

प्रिय लॅसेल्स,

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतोय, म्हणून उत्तराला उशीर. तिकिटांच्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा आतही गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, जाऊन-येऊन की नुसतं जायचं? मी म्हटलं, पुन्हा येतो, आणि बाहेर पडलो.

मी येणार नाही.

रागाव, पण आधी ऐक. त्या पंधरा दिवसांत तू मला काही कमी पडू दिलं नाहीस. सकाळी उठायच्या आत चुलीवर ब्रेडफ्रूट भाजायला टाकलेलं असायचं. आंघोळीचं पाणी काढून ठेवायचास, तू, ज्याने जन्मात कोणाला पेला भरून दिला नाही. पण संध्याकाळी आपण बाहेर बसलो की मी फाटकाकडे बघायचो. तूही बघायचास. मग तू मला बघताना बघायचास, आणि आपण पावसाबद्दल बोलायला लागायचो. रोज हेच.

इथे मी एकटा आहे. एकट्याचं अंगवळणी पडतं रे. एक कप, एक खुर्ची, कोणाची वाट बघायची नाही. तिथे आपण दोघं होतो, आणि दोघं असलो की तिसरा नाही हे चोवीस तास समोर बसून राहतं. स्टुडिओत तू माझ्या कानात ओरडलास तेव्हा मला तू ऐकू आलास, अगदी नीट. पण गाणं संपलं की पुन्हा ऑझीच. मला ते सोसवत नाही. रेकॉर्ड दुसऱ्यांदा लावली नाही तीही त्यामुळेच. तुझ्याशिवाय मला आता जगात कोणी नाही, आणि तरीही मी येणार नाही. हे दोन्ही खरं आहे. मला ते याहून चांगलं सांगता येत नाही.

खोली कोणाला तरी दे. शाळेत नवीन मास्तर येतात त्यांना लागते. माणूस असेल तर संध्याकाळी झापायला तरी होईल. गुडघ्याचं मलम तुलाच ठेव, आता तुझेही बोलायला लागले असतील.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी विमानतळावर मी मुद्दाम वेळ काढत होतो. पासपोर्ट पुन्हा पुन्हा बघितला, टोपी शोधली, ती डोक्यावरच होती. टोपडं दाखवलं. शेवटची हाक आली तरी तुझ्या तोंडाकडे बघत उभा होतो. तू थांब म्हणाला असतास तरी मी गेलोच असतो. पण तू म्हणायला हवं होतंस.

व्हर्नल